रौद्र चेहरा कसा रंगवावा: लाल रंगभूषेत पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग दिलेला आहे. शृंगाराला श्याम, हास्याला पांढरा, करुणाला करडा, भयानकाला काळा आणि रौद्राला लाल. त्यामुळे पात्र महिषासुर असो, नरसिंह असो, खवळलेली देवी असो की एखाद्या प्रायोगिक एकांकिकेतला नुसता ‘संताप’, दिग्दर्शकाचं बोट लाल डबीकडेच जातं. नवरात्र जवळ आलं की ठाण्यातल्या टेंभी नाक्यापासून नवी मुंबईतल्या ऐरोली-नेरुळच्या सोसायट्यांपर्यंत नृत्यनाटिकांच्या तालमी सुरू होतात. कॉलेजांच्या एकांकिका त्याच्या आगेमागे असतातच. आणि दरवर्षी एखादा तरी महिषासुर टोमॅटोसारखा गुळगुळीत लाल होऊन रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांत खसखस पिकते.

असं होतं, कारण प्रेक्षक चेहरा वाचतो तो सावल्यांवरून. नाकाची बाजू, गालाखालचा खोलगटपणा, भुवईखालचा अंधार यांवर एकाच लालचा जाड थर चढवला की ते सगळं पुसलं जातं. समोरून दिवे पडल्यावर तर चेहऱ्याचा नुसता गोळा दिसतो. म्हणून सामान घेण्याआधीच एक ठरवून टाका. लाल चेहऱ्याला किमान तीन लाल लागतात: खोलगट भागांसाठी काळपट, पसरट भागांसाठी शुद्ध आणि उंचवट्यांसाठी केशरीकडे झुकणारा. शिवाय थोडा काळा. या चौघांचं एकमेकांशी जमवणं हेच खरं काम, बाकी सगळी तयारी.

आधी प्रकाशयोजनाकाराला गाठा

नवखे लोक हे हमखास विसरतात. लाल रंग लाल उजेडात नाहीसा होतो. लाल फिल्टरच्या दिव्याखाली पांढरं आणि लाल जवळजवळ सारखंच उजळ दिसतं, त्यामुळे तासभर खपून केलेला रौद्र चेहरा फिकट पडतो आणि फक्त काळ्या रेषा उरतात. हिरव्या-निळ्या उजेडात नेमकं उलट होतं. परत फेकायला लाल किरणच नसतात, म्हणून तोच चेहरा काळाठिक्कर दिसतो. आणि राक्षसाच्या एंट्रीला प्रकाशयोजनाकाराला लाल वॉश, म्हणजे रंगमंचभर पसरलेला लाल उजेड, टाकायचाच असतो, हे तर तुम्हालाही माहीत आहे!

त्याच्याशी भांडू नका, वाटाघाट करा. समोरून अंबर (मधासारखा पिवळा-केशरी) किंवा साधा पिवळसर पांढरा आणि लाल फक्त मागून किंवा बाजूने, असं ठरलं तर दोघांचंही काम दिसतं. अंबरमध्ये लाल खुलतो. पूर्ण लाल प्रकाशावर तो अडून बसला, तर चेहऱ्यावरचा लाल कमी करा आणि काळा-मरून वाढवा. उजेड मंद होत जातो तसा आपल्या डोळ्यांना लाल रंगच आधी काळपट दिसू लागतो, हेही लक्षात असू द्या. अंधूक प्रवेशात कष्टाने केलेलं मरून शेडिंग सरळ काळंच दिसणार.

जागेप्रमाणेही हिशेब बदलतो. ठाण्याचं राम गणेश गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह असेल, तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं आहे, रेषा ठळकच हव्यात. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला असलेल्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये पहिली रांग जवळ असते, तिथे कडा मऊ केल्या नाहीत तर चेहरा मुखवट्यासारखा वाटतो. सोसायटीच्या मंडपात बहुतेक वेळा भाड्याचे एलईडी पार (रंग बदलता येणारे गोल डब्यासारखे दिवे) असतात. त्यांचा निळा किंवा हिरवा फार शुद्ध असतो, त्यात लाल चेहरा एका क्षणात काळा होतो. रंग बदलत राहणारे दिवे ‘ऑटो’वर सोडणाऱ्या मंडपवाल्याला निदान तेवढ्या प्रवेशापुरतं थांबवा.

सामान

नाटकाची लाल रंगभूषा दोन प्रकारची मिळते. एक ग्रीसची, म्हणजे तेलकट. दुसरी पाण्याची, ओल्या स्पंजने उचलायची. बर्लिनच्या क्रायोलान कंपनीचा माल (ही कंपनी १९४५ सालची) आपल्याकडच्या रंगपटांत इतका रुळला आहे की ‘क्रायोलान’ हे जणू रंगाचंच नाव झालं आहे. त्यांचं ग्रीसचं सुप्राकलर, पाण्याचं अ‍ॅक्वाकलर आणि बेससाठी टीव्ही पेंट स्टिक. अमेरिकेच्या मेहरॉनची पॅराडाइज ही मालिका पाण्याची आहे. नावापेक्षा प्रकार महत्त्वाचा.

ऑक्टोबरच्या उकाड्यात, उघड्या मंडपात, ढोलावर नाचायचं असेल तर पाण्याचा रंग घामासोबत ओघळतो. तिथे पावडरने नीट बसवलेलं ग्रीसच टिकतं. वातानुकूलित नाट्यगृहातल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या एकांकिकेला पाण्याचा रंग सोयीचा पडतो: लवकर सुकतो, कपड्यांना कमी लागतो आणि उतरतोही पटकन. मी स्वतः चेहऱ्याला ग्रीस आणि हातांना पाण्याचा रंग, अशी विभागणी करतो. हाताला ग्रीस लावलं की त्रिशूळ, पडदा, सहकलाकाराचा शेला, सगळ्याला लाल बोटं उमटतात.

एका चेहऱ्यासाठी लागतं ते एवढंच: शुद्ध लाल, मरून, केशरी, थोडा पिवळा, काळा. स्वतःच्या वर्णाची किंवा एक छटा उजळ पेंट स्टिक. ट्रान्सल्युसंट (स्वतःचा रंग न देणारी) पावडर आणि मोठा पफ. दोन-तीन स्पंज, एक चपटा, एक बारीक आणि एक मोठा मऊ ब्रश, काजळ पेन्सिल, डोळ्यांसाठी पिवळसर पांढरी पेन्सिल, फिक्सिंग स्प्रे. पांढरा रंग मुद्दामच यादीत नाही, कारण पुढे येईल.

खरेदीसाठी ठाण्यात गोखले रोड, जांभळी नाका किंवा तिकडे वाशीतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत आधी विचारा. नाहीच मिळालं तर लोकलने सीएसएमटी गाठून क्रॉफर्ड मार्केट. बनावट माल बाजारात फिरतो, तेव्हा वेष्टण वाचा. बाहेरून आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो. तो नसेल तर डबी कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.

वेष्टणावरच आणखी एक गोष्ट बघायची. लाल रंगद्रव्यं सगळी सारखी नसतात. त्यांची ओळख ‘सीआय’ म्हणजे कलर इंडेक्स क्रमांकावरून पटते. सीआय ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साइड, आपल्या गेरूच्या कुळातलं. डोळ्यांभोवती चालणारं, पण विटकरी. सीआय ७५४७० म्हणजे कारमाइन. तो कोचिनियल किड्यांपासून काढतात, त्यामुळे जैन किंवा कडक शाकाहारी कलाकाराला आधी सांगणं बरं. चटक लाल देणारी कितीतरी कृत्रिम रंगद्रव्यं डोळ्यांलगत वापरायची नसतात, आणि तसं डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तसं लिहिलं असेल तर पापणीवर आयर्न ऑक्साइडचाच लाल घ्या, लांबून फरक कळत नाही.

आणि घरातलं काही वापरू नका. जुन्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ यांवर चेहरे रंगत, पण हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. देवाला लावायचा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसं आणि पारा दोन्ही विषारी. ‘शेंदूर तर नैसर्गिक असतो’ असं सांगणारी एखादी काकू प्रत्येक मंडळात असते. त्यांना नमस्कार करून डबी बाजूला ठेवायची. धुळवडीचा रंग आणि पोस्टर कलर यांचंही तेच.

आदल्या दिवशी

कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लाल आणि मरूनचा छोटा ठिपका लावून ठेवा. चोवीस तासांत खाज, पुरळ, जळजळ झाली नाही तरच पुढे जा. ठिपका पुसल्यावर गुलाबी डाग किती राहतो हेही इथेच कळतं. पुरुष कलाकाराने दाढी प्रयोगाच्या आदल्या रात्री करावी. ताज्या दाढीवर ग्रीस आणि त्यावर स्प्रे म्हणजे आग.

कमीत कमी एकदा पूर्ण चेहरा रंगवून बघा आणि घड्याळ लावा. नवख्याला पहिल्यांदा दीड तास सहज लागतो. स्पर्धेच्या दिवशी एकाच रंगपटात एकामागून एक संघ येत असतात, तिथे आरसा तेवढा वेळ कोणी देत नाही. सरावात एका तासाच्या आत आलात की पुरे.

पूर्ण चेहरा की अर्धा

माझं मत विचाराल तर पहिल्या प्रयोगाला पूर्ण चेहरा लाल करूच नका. भुवईच्या वरपासून कानशिलापर्यंत पंख्यासारखा पसरणारा लाल, पापण्या मरून, कपाळावर मधोमध एक उभा पट्टा आणि बाकीचा चेहरा स्वतःच्या वर्णाचा. देवीच्या भूमिकेला तर हेच जास्त शोभतं. प्रेक्षक डोळ्यांकडेच पाहतो, आणि आजूबाजूला त्वचेचा रंग असल्यामुळे लाल आणखी लाल वाटतो. चूकही लवकर सुधारता येते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना यापेक्षा जास्त लावायची गरज नसते. त्यांना फिक्सिंग स्प्रे नकोच.

तरीही महिषासुर पूर्ण लालच हवा असेल, तर पुढचा क्रम त्याच्यासाठी. अर्ध्या चेहऱ्यालाही हाच क्रम लागू आहे, फक्त क्षेत्र लहान.

चेहरा बसवणे

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या सर्वांत आधी घाला. डोक्यावरून काढावा लागणारा कुर्ता असेल तर तो घालूनच बसा आणि वर जुनी चादर गुंडाळा. केस पट्टीने मागे. चेहरा धुऊन, स्वच्छ रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर फिरवा, कोरडं करा, मग हलका मॉइश्चरायझर. तो मुरायला पाच मिनिटं द्या. कोरड्या त्वचेत लाल रंग खोल मुरतो आणि डाग ठेवतो, म्हणून ही पायरी गाळू नका. उलट तेलकट क्रीम थापलं तर ग्रीस सरकत राहील.

भुवया झाकायच्या असतील तर ओल्या साबणाच्या वडीवर जुना टूथब्रश घासून केस वरच्या दिशेने चापून बसवा, सुकू द्या, पावडर दाबा, पुन्हा एकदा साबण. दाट भुवया पूर्ण जात नाहीत. त्या जाऊ देऊही नका. त्यांनाच काळा देऊन वर खेचलेला कोन केला तर तो चेहरा जास्त उग्र दिसतो.

आता पेंट स्टिकचा अगदी पातळ हात. सावळ्या त्वचेवर थेट लाल लावला की तो विटकरी दिसतो. खाली थोडा पिवळा किंवा केशरी मिसळलेला पातळ थर दिला तर लाल पेटून उठतो. इथे बरेच जण पांढरा बेस देतात. ग्रीस सुकत नसतं. खालचा पांढरा वरच्या लालमध्ये मिसळतो आणि रौद्राचा गुलाबी होतो. हा थर झाल्यावर थोडी पावडर दाबून घ्या, म्हणजे पुढचा थर त्यात मिसळणार नाही.

पेन्सिलीने नकाशा काढा. आरशासमोर कलाकाराला खरोखर रागवायला सांगा: नाकपुड्या फुगवून, भुवया आवळून. आठ्या जिथे पडतात, गाल जिथे आत जातो, तिथेच रेषा. प्रत्येकाचा राग वेगळ्या जागी बसतो, त्यामुळे मोबाइलवरच्या कुणाच्या चेहऱ्याची रेघ उचलून आणू नका.

शुद्ध लाल हरभऱ्याच्या दाण्याएवढा हाताच्या पाठीवर घ्या, बोटाने कोमट करा आणि स्पंजने थापटा. घासायचं नाही. घासलं की पट्टे येतात. कपाळाच्या मध्यापासून बाहेर, गालाच्या हाडावर, हनुवटीवर. जिथे सावली हवी आहे ते भाग उघडेच ठेवा. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर केव्हाही चांगले. जाड थर हसलं-ओरडलं की तोंडाच्या कडेला फाटतो, आणि महिषासुराला ओरडायचं तर असतंच.

मग मरून. मरून तयार नसेल तर लालमध्ये गडद तपकिरी मिसळा. नुसता काळा मिसळला तर रंग मळकट होतो. कानशिलं, गालाखालचा खळगा, नाकाच्या दोन्ही बाजू, डोळ्यांच्या खोबण्या, खालच्या ओठाखाली. कडा कोरड्या स्पंजने लालमध्ये विरघळवा, पण एक कड, गालाखालची वरची, जरा तीक्ष्ण राहू द्या. त्यानेच चेहरा कोरल्यासारखा दिसतो.

उंचवट्यांवर केशरी: भुवयांच्या वरचं हाड, नाकाचा शेंडा ते कपाळ, गालाच्या हाडाचा माथा, हनुवटीचं टोक. मिनी थिएटरसाठी एवढं पुरतं. मोठ्या नाट्यगृहासाठी त्याच्या मधोमध पिवळ्याचा एखादा ठिपका द्या. पांढरा इथेही नको, तोच गुलाबीचा प्रश्न.

डोळे आणि ओठ

लाल चेहऱ्यावर डोळे हरवतात, कारण बुबुळाभोवतीचा पांढरा सोडला तर सगळंच गडद. वरची पापणी काळी, रेष बाहेर आणि वर खेचलेली. खालची रेष मात्र पापणीच्या केसांपासून थोडी खाली काढा आणि मधल्या पट्टीत पिवळसर पांढरी पेन्सिल फिरवा. एवढ्याने डोळा लांबून दुप्पट मोठा दिसतो. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला लाल काही लावू नका. लाल झालेले डोळे हवेत म्हणून काही जण तिथे लिपस्टिक फिरवतात. प्रयोगानंतर खरोखरचे लाल डोळे घेऊन डॉक्टरकडे जायची ही सोय आहे.

ओठ लाल ठेवले तर तोंडच दिसत नाही. काळपट मरून करा, कोपरे खाली ओढा. दात त्यामुळे जास्त पांढरे दिसतात, हा फायदाच.

कान, कानामागची बाजू, मान, मानेची मागची बाजू. रंगमंचावर कलाकार पाठमोरा वळतो आणि लाल चेहऱ्यामागे गोरी मान दिसते, हे दृश्य अजूनही दरवर्षी बघायला मिळतं. कपड्याच्या गळ्यापर्यंत रंग उतरवा आणि शेवटची दोन बोटं विरळ करत न्या.

रंग बसवणे

पफवर भरपूर पावडर घ्या, घडी घालून आत चोळा आणि चेहऱ्यावर दाबा. पुसायचं नाही, सरकवायचं नाही. डोळ्यांखाली कलाकाराला वर बघायला सांगून. चेहरा एकदम खडूसारखा दिसेल. घाबरू नका. दोन मिनिटं थांबून मोठ्या मऊ ब्रशने जास्तीची पावडर झटका आणि ओला स्पंज पिळून हलकाच दाबा. लाल परत वर येतो. बोट टेकवून बघा. रंग बोटाला आला तर पुन्हा पावडर.

फिक्सिंग स्प्रे हातभर अंतरावरून, डोळे-तोंड मिटून, श्वास रोखून. हे स्प्रे बहुतेक अल्कोहोलचे आणि ज्वालाग्राही असतात. रंगपटात नटराजाची आरती, उदबत्ती, विंगेत पेटवलेली मशाल, यांच्यापासून लांब मारा आणि सुकेपर्यंत कलाकाराला तिकडे फिरकू देऊ नका.

मग आरशासमोरून उठा. रंगपटातल्या ट्यूबलाइटखाली लाल बरेचदा मलूल दिसतो आणि माणूस उगाच आणखी थर चढवतो. शक्य असेल तर कलाकाराला दिव्यांखाली उभं करा आणि दहाव्या रांगेतून बघा. दुरुस्ती बहुतेक एकच लागते: काळा वाढवणे. लाल वाढवायची वेळ क्वचित येते.

प्रयोग चालू असताना विंगेत टिश्यू आणि पावडर ठेवा. घाम टिपायचा, पुसायचा नाही.

उतरवणे

सगळे फोटो काढून झाल्यावर, आधी हात धुऊन लेन्स काढा. खोबरेल तेल किंवा क्लेन्झिंग मिल्क भरपूर घ्या, चेहऱ्यावर पसरवून मिनिटभर तसंच ठेवा. ग्रीस स्वतःच सैल होतं. टिश्यूने वरून खाली पुसा, दुसऱ्यांदा तेल, पुन्हा टिश्यू, आणि मगच फेसवॉश. आधीच साबण-पाणी मारलं तर लाल पसरतो आणि रोमछिद्रांत बसतो. पाण्याचा रंग मात्र आधी साबणानेच काढा. केसांच्या मुळांशी आणि कानाच्या वळ्यांत रंग राहतो, तिथे तेलात बुडवलेला कापसाचा बोळा. एवढं करूनही गालावर गुलाबी झाक राहिली तर घासत बसू नका. रात्री मॉइश्चरायझर लावून झोपा, एक-दोन दिवसांत जाते. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या जवळपासही जायचं नाही.

स्पंज एका चेह‍ऱ्याला एक. एकाचा स्पंज दुसऱ्याच्या डोळ्यांभोवती फिरला की डोळ्यांची साथ अख्ख्या संघात पसरू शकते. डबीत बोट न घालता चपट्या पट्टीने रंग काढायची सवय लावा. काजळ पेन्सिल प्रत्येकासाठी नव्याने टोकदार करा. ब्रश साबणाने धुऊन आडवे सुकवा, उभे ठेवलेत तर पाणी दांड्यात उतरून केस गळतात. ग्रीसच्या डब्यांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारून, कोरड्या झाल्यावर झाकणं लावा आणि मे महिन्यात त्या गाडीत विसरू नका.